अर्धं रिकामं, अर्धं राहतं

पत्रातला प्रश्न एका ओळीचा होता, पण त्याने दोन घरांची आठवडाभराची झोप उडवली होती. "सदर घर रिकामे आहे की राहते, याची पाहणी शनिवारी सकाळी अकरा वाजता करण्यात येईल. दोन्ही मालकांनी हजर राहावे." खाली करविभागाचा शिक्का होता आणि घाईघाईत केलेली एक सही होती.

शनिवारी नऊ वाजताच दोन्ही मालक बायकांसह हजर झाले. वडील, म्हणजे नाना, गेल्यावर त्यांच्या फ्रिजवरून जे भांडण झालं होतं, त्यानंतर हे दोघे भाऊ या घरात एका वेळी कधी आले नव्हते. फ्रिज केव्हाच भंगारात गेला होता. भांडण मात्र दोघांनी नीट सांभाळून ठेवलं होतं, आणि आज पत्रामुळे ते तेवढ्यापुरतं बाजूला ठेवावं लागल्याने दोघेही जरा बावरल्यासारखे दिसत होते.

आत्याने दार उघडलं, चौघांना आत घेतलं आणि चहा टाकला. ती नानांची धाकटी बहीण. पाणीखात्यात एकतीस वर्षं घरोघरी फिरून मीटर वाचले आणि निवृत्त झाली. त्याच सुमारास नानांनी अंथरूण धरलं आणि पुढची तीन वर्षं त्यांचं सगळं तिने केलं. जाताना नानांनी दोन्ही मुलांना जवळ बोलावून सांगितलं होतं की आत्या इथेच राहील. मुलांनी माना डोलावल्या होत्या. माना डोलावायला कागद लागत नाही, त्यामुळे या घराण्यात ते काम नेहमीच चटकन होतं.

घर म्हणजे खाली नानांचं फोटोफ्रेमचं दुकान, आता कुलूप लावलेलं. बाजूने वर जाणारा अरुंद जिना, मध्ये एक अडचणीचं वळण, आणि वर दोन खोल्या व स्वयंपाकघर. नानांच्या मागे ते दोघा भावांच्या नावावर झालं आणि करविभाग अर्ध्या अर्ध्या घराची दोन वेगळी बिलं पाठवू लागला. सगळा घोळ तिथे सुरू झाला.

थोरल्याचं चष्म्याचं दुकान आहे. बारीक अक्षराची त्याला धास्ती नाही. बिलामागची नियमावली त्याने भिंगाखाली धरून वाचली आणि त्याला कळलं, की घरात कोणीच राहत नसेल तर कर पूर्ण माफ होतो. त्याने आपलं अर्धं घर रिकामं असल्याचा अर्ज भरून टाकला. धाकटा विमा विकतो. कोरा अर्ज दिसला की त्याच्या हाताला खाज सुटते. त्याला त्याच नियमावलीत पुढचं पान सापडलं: घरात एकटी वयस्क व्यक्ती राहत असेल तर पाव कर माफ. त्याने आपलं अर्धं घर राहतं असल्याचा अर्ज भरून टाकला. दोघांनी एकमेकांना ताकास तूर लागू दिली नाही, कारण एकाला सूट मिळाल्याचं दुसऱ्याला कळलं असतं, तर दुसऱ्याने तीत वाटा मागितला असता.

दोन्ही अर्जांना साक्षीदार हवा होता. बाहेरच्या माणसाला विचारलं की गोष्ट बाहेर जाते, म्हणून दोघेही आत्याकडे आले, एक जण मंगळवारी, दुसरा गुरुवारी. आत्याने दोन्हींवर सही केली. एका कागदावर ती या घरात कोणी राहत नसल्याची साक्षीदार होती, दुसऱ्यावर इथे एक बाई राहत असल्याची. साक्षीदाराच्या पत्त्याच्या रकान्यात तिने दोन्हींवर याच घराचा पत्ता लिहिला, कारण ती इथेच राहत होती. पुढे दरवर्षी अर्जांची मुदत वाढवताना हेच होत आलं. बारा वर्षं तो रकाना कोणी वाचला नाही.

"पण तू दोन्हींवर सही केलीसच कशी?" थोरल्याने आज पहिल्यांदा विचारलं.

"तू म्हणालास म्हणून एकावर केली," आत्या म्हणाली, "आणि तो म्हणाला म्हणून दुसऱ्यावर."

धाकट्याने बशीत चहा ओतला. थोरल्याने खिशातून नियमावली काढून टेबलावर पसरली आणि दुकानात गिऱ्हाइकाला फ्रेम पटवतो त्या आवाजात बोलायला सुरुवात केली. झालं ते झालं, आता दोघांनी मिळून एकच काहीतरी सांगायला हवं. राहतं म्हटलं तर पाव माफी. रिकामं म्हटलं तर पूर्ण माफी, तीही दोन्ही अर्ध्यांना. साक्षीदाराच्या पत्त्याबद्दल विचारलंच, तर म्हातारं माणूस, चुकून लिहिलं असं म्हणता येईल. धाकट्याने मनातल्या मनात हिशेब केला, तो चटकन जमला, आणि दादाशी बारा वर्षांत पहिल्यांदा आपलं एकमत होतंय याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

अडचण एकच होती आणि ती मोरीत कप विसळत होती.

तिच्याबद्दल थोरल्याने रस्ताभर विचार करून ठेवला होता. आत्याने दोन महिने एकाकडे राहावं, दोन महिने दुसऱ्याकडे. तिलाही माणसांत बरं वाटेल. एकटीने या वयात किती दिवस जिने चढायचे? धाकटा लगेच हो म्हणाला, दोघी जावांनी आपापल्या नवऱ्यांकडे पाहून हसल्यासारखं केलं, आणि ठराव पास झाला. आत्याचं मत घ्यायचं राहिलं ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

आत्याने मात्र सगळं ऐकलं. दोन महिने इथे, दोन महिने तिथे, म्हणजे आयुष्यभर पिशवी भरलेलीच ठेवायची. कुठल्या घरात कोणत्या खुंटीला टॉवेल लावायचा हेही दर दोन महिन्यांनी विचारून घ्यायचं. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेनऊ. तिने कप पुसून फळीवर पालथे घातले आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसली.

नियमावलीत लिहिलं होतं की रिकाम्या घरात झोपण्याचं आणि स्वयंपाकाचं साधन आढळता कामा नये. स्वयंपाकाचं साधन म्हणजे दोन बर्नरची शेगडी, ती थोरल्याच्या गाडीच्या डिकीत गेली. कपडे चादरीत बांधून मागच्या सीटवर टाकले. झोपण्याचं साधन म्हणजे नानांचा पलंग. तो नानांनी फ्रेमच्या उरलेल्या लाकडातून याच खोलीत बसून ठोकला होता आणि ठोकल्यापासून त्याने हे घर सोडलं नव्हतं. भावांनी तो उभा करून पाहिला, आडवा करून पाहिला. स्क्रू शोधले तर नानांनी स्क्रू वापरलेच नव्हते. शेवटी थोरला पुढे, धाकटा मागे, असा पलंग जिन्याकडे निघाला.

स्वयंपाकघरात दोघी जावा भांडी खोक्यात भरत होत्या. थोरली मनातून खूश होती. पाच वर्षं ती मागे लागली होती तेव्हा कुठे गेल्या महिन्यात नवऱ्याने मागची खोली तिला मोकळी करून दिली होती. तिथे शिवणयंत्र आलं होतं, कापड बेतायचं लांब टेबल आलं होतं, दोन बायकांनी शिकवणीचे पैसेही आगाऊ दिले होते. घराची माफी मिळाली की खिडकीला जाळी बसवायची असं तिने ठरवून टाकलं होतं.

"सुरुवात तुमच्यापासूनच करावी लागेल हं वहिनी," धाकटी कढई कागदात गुंडाळत म्हणाली. "आमच्याकडे जूनपर्यंत मुलीची परीक्षा. तिची खोली आत्ता मागणं बरं दिसत नाही."

"जूनपर्यंत म्हणजे आठ महिने."

"आणि तुमच्याकडे मागची खोली आहेच की. यंत्र जरा भिंतीला सरकवलंत तर मावतील आत्या."

थोरलीच्या हातातला डबा हातातच राहिला. तिला लांब टेबल दिसलं आणि त्या टेबलावर आत्याची औषधं, पाण्याचा तांब्या, घडी केलेली साडी असं सगळं दिसलं. आत्या तिला नकोशी होती असं नाही. उलट दोघींचं बरं जमायचं. पण पाच वर्षं मागितलेली खोली एका महिन्यात जाणार म्हटल्यावर तिला रडूच आलं. ती तशीच उठली आणि जिन्याच्या तोंडाशी गेली. तोवर पलंग तीन पायऱ्या उतरला होता.

"अहो, तो वर आणा," ती नवऱ्याला म्हणाली.

थोरल्याला वाटलं ती पलंगाला धक्का लागेल म्हणून सांगते आहे. तिने स्पष्ट केलं. नाना मरताना काय म्हणाले होते ते विसरलात का? आत्याबाईंनी त्यांचं एवढं केलं, आणि आज आपण त्यांचा पलंग ओढून नेतोय? लोकांना काय तोंड दाखवायचं? एवढ्या वर्षांत नाना इतके तिच्या कधी उपयोगी पडले नव्हते. घर राहतं आहे तर राहतंच सांगा, ती म्हणाली, खोटं कशाला बोलायचं.

धाकट्याला हे एकदम पटलं. मुळात राहतं हाच त्याचा अर्ज होता, बारा वर्षांचा, दरवर्षी वेळेवर भरलेला. तो रद्द करताना त्याला मघापासून जिवावर आलं होतं. त्याने आपल्या बाजूने पलंग वर ओढायला सुरुवात केली. पण आता धाकटी पदर खोचून बाहेर आली.

धाकटी एका वकिलाकडे टायपिंग करते. दिवसभर दुसऱ्यांच्या भांडणांच्या चार चार प्रती काढता काढता तिला कायदा आला नसला तरी कायद्याची भीती चांगली आली आहे. गेल्याच आठवड्यात तिने एक निकाल टाइप केला होता. त्यात कुठल्याशा मावशीचं नाव सरकारी पाहणीत राहणारी म्हणून लागलं होतं आणि मग मालक असलेल्या भाच्यांना ती असेपर्यंत घर विकता आलं नव्हतं. धाकटीला आपल्या अर्ध्या घराच्या जोरावर लिफ्ट असलेल्या इमारतीत जागा घ्यायची होती. तिने नवऱ्याला बाजूला घेऊन, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, सांगितलं की आज पाहणीत एकदा का राहतं म्हणून लिहिलं गेलं, तर आपण जन्माचे अडकलो.

थोरल्याला हा मुद्दा बिनतोड वाटला. त्याने आपलं टोक घट्ट धरलं.

असं करता करता पावणेअकराला स्थिती अशी झाली की थोरला आणि त्याची भावजय घर रिकामं म्हणत होते, धाकटा आणि त्याची वहिनी राहतं म्हणत होते, आणि दोन्ही जोडपी आपापल्या माणसाकडे परक्यासारखी पाहत होती. शेगडी एकदा वर आली, पुन्हा खाली गेली. कपड्यांचं गाठोडं थोरलीने वर आणलं, ते धाकटीने दारातच अडवलं. पलंग दोन पायऱ्या उतरे, तीन चढे, पुन्हा उतरे, आणि असा होता होता तो वळणावर जाऊन कठड्यात आणि भिंतीत पक्का रुतून बसला. मग तो वरही येईना आणि खालीही जाईना. वळणाच्या खाली थोरला होता, वर धाकटा होता, दोघांचेही हात पलंगाला आणि डोळे एकमेकांना लागले होते. आत्या वरच्या दारात उभी राहून हे पाहत होती. या पलंगावर नानांची पाठ पुसून काढताना तिने कधी त्याच्या लाकडाचा विचार केला नव्हता. आज ते लाकूड तिच्या बाजूने उभं राहिल्यासारखं तिला वाटलं आणि जरा बरं वाटलं.

अकराला तीन मिनिटं असताना खालून पावलं वाजली.

निरीक्षक बाई मध्यम वयाच्या होत्या. खांद्याला पिशवी, हातात कागद लावायची पाटी. या खात्यात त्यांची अठरा वर्षं गेली होती आणि माणसं घर कसं सजवतात हे त्यांना पाठ झालं होतं. घर रिकामं दाखवायचं असलं की लोक सगळं हलवतात पण ओला साबण विसरतात. राहतं दाखवायचं असलं की पलंग, भांडी, दोरीवर कपडे, सगळं आणतात, पण त्या सगळ्यावरची धूळ पुसायची राहते. अर्ध्या जिन्यात अडकलेला पलंग मात्र त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

"हा वर चाललाय की खाली?" त्यांनी विचारलं.

"खाली," थोरला म्हणाला.

"वर," धाकटा म्हणाला.

बाईंनी पाटीवर काहीतरी लिहिलं, पिशवी पोटाशी धरली आणि वाकून पलंगाखालून वर गेल्या. त्यांच्यामागून थोरला गेला. तो जरा जाड असल्यामुळे त्याला वेळ लागला.

आत्याने बाईंना स्टूल दिलं, पाणी दिलं. खोलीत बसायला दुसरं काही उरलंच नव्हतं, त्यामुळे बाकीचे भिंतीला टेकून उभे राहिले. बाईंनी पिशवीतून दोन्ही भावांचे अर्ज काढून मांडीवर ठेवले. थोरल्याने घसा साफ केला. आत्याचं वय झालंय, तिने साक्षीदार म्हणून पत्ता लिहिताना काहीतरी गोंधळ केला, असं तो सांगू लागला. बाईंनी त्याला हाताने थांबवलं आणि पिशवीतून तिसरा कागद काढला.

"आम्ही तुमच्या अर्जांवरून आलो नाही," त्या म्हणाल्या. "ते बारा वर्षं दोन वेगळ्या कपाटांत होते. हा अर्ज आला, तेव्हा कोणीतरी दोन्ही कपाटं उघडली."

त्यांनी तो वाचून दाखवला. अक्षर आत्याचं होतं, मीटरचे आकडे लिहून लिहून चौकोनी झालेलं. "मी गेली बारा वर्षे वरील पत्त्यावर राहते अशी माझी समजूत आहे. आपल्याकडील कागदांप्रमाणे मी तेथे राहते की नाही, हे कृपया कळवावे."

चौघांनीही आत्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ती कोणी सांगेल तिथे सही करणारी बाई होती. तिने स्वतः होऊन कोणाला कागद लिहिला असेल हे त्यांच्या कल्पनेतही बसत नव्हतं. धाकटीला तर एकदम ती टाइप केलेली मावशी आठवली.

"बाई, तुम्ही इथे राहता?" निरीक्षक बाईंनी विचारलं.

"तेच तुम्हाला विचारलंय," आत्या म्हणाली.

"मला पुरावा लागतो. पलंग, शेगडी, काहीतरी. इथे तर काहीच नाही."

"पाणी आहे," आत्या म्हणाली.

तिने खिडकीच्या कोनाड्यातून वह्या काढल्या. बारा होत्या, नाना गेल्यापासूनच्या दर वर्षाची एक. घर रिकामं करायच्या घाईत कोणाला त्या सामान वाटल्या नव्हत्या. खात्यातून निवृत्त झाली तरी आत्याची सवय सुटली नव्हती. रोज सकाळी ती जिन्याखाली वाकून घरचं मीटर वाची आणि आकडा लिहून ठेवी. तारीख, आकडा, शेरा. शेऱ्याचा रकाना बहुतेक कोराच असे. निरीक्षक बाई खाली जाऊन मीटर बघून आल्या, म्हणजे दोनदा पलंगाखालून गेल्या. आजचा आकडा वहीतल्या सकाळच्या आकड्यापेक्षा दोन बादल्यांनी पुढे होता. मग त्या पानं उलटत राहिल्या. त्यांनाही आकडे वाचायची सवय होती. रोज तेवढंच पाणी, एका माणसाच्या अंघोळीचं, एका माणसाच्या भांड्यांचं.

शेवटच्या वहीत त्यांचं बोट थांबलं.

"इथे एकोणीस दिवसांची नोंद नाही. पाच तारखेनंतर एकदम पंचवीस. आणि आकडा तोच." त्यांनी मान वर केली. "तेवढे दिवस घर रिकामं होतं?"

"हो," आत्या म्हणाली. "मी दवाखान्यात होते. छातीत दुखायला लागलं, समोरच्या लॉन्ड्रीवाल्याने त्याच्या गाडीतून नेलं."

"कधी?" थोरल्याने विचारलं.

"चार महिने झाले." आत्या थोरल्याकडे वळली. आवाज तिने चढवला नाही. "तेवढे एकोणीस दिवस तुझा अर्ज खरा होता."

थोरल्याला तो फोन आठवला. दुकानात गर्दी होती, आत्याचा आवाज नीट येत नव्हता, ती कुठूनतरी बोलत होती आणि तो म्हणाला होता की जरा गिऱ्हाईक आहे, मी करतो. मग केलाच नाही. धाकट्याला त्याहून वाईट आठवलं. त्याच आठवड्यात तो अर्जाची मुदत वाढवायला इथे आला होता. दाराला कुलूप होतं. आत्या बाजारात गेली असेल असं समजून त्याने अर्ज दाराखालून आत सरकवला आणि निघून गेला. इथे एक वयस्क बाई एकटी राहते, असं त्या अर्जात लिहिलं होतं. काही आठवड्यांनी तो सही होऊन टपालाने त्याच्याकडे परत आला तेव्हा त्याला बरंच वाटलं होतं, फेरी वाचली म्हणून. आता ते आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दवाखान्यात पत्ता विचारला," आत्या निरीक्षक बाईंना सांगत होती, "तेव्हा मी अडले. एका कागदावर मी इथे आहे म्हणून सही केलेली, दुसऱ्यावर नाही म्हणून. आणि विचारायला तर कोणीच आलं नव्हतं. म्हटलं, खरंच राहते का मी तिथे? म्हणून तुम्हाला लिहिलं."

निरीक्षक बाईंनी पाणी संपवलं. त्यांनी काय करायचं ते थोडक्यात सांगितलं. दोन्ही अर्ज रद्द. मागचं काय ते खातं पत्राने कळवेल. घर आजपासून राहतं, राहणारी व्यक्ती एक, आणि एकटीच्या वास्तव्याची जी काही सूट असेल ती तिच्या नावाने. त्यांनी कोरा अर्ज काढून भरला. शेवटचा रकाना आला तेव्हा त्या थांबल्या.

"साक्षीदार लागेल. इथे न राहणारा, आणि या इथे राहतात हे स्वतः पाहिलेला."

थोरल्याने पेनसाठी हात पुढे केला. धाकट्यानेही केला. धाकटी काहीतरी बोलणार होती, पण थोरलीने तिच्या दंडावर हात ठेवला.

"थांबा," आत्या म्हणाली. "मी बारा वर्षं तुमच्या कागदांवर न बोलता सही केली. तुम्ही बघून करा. आधी घर बघा."

मग तिने त्यांना घर दाखवलं. वाढलेल्या, केस पिकलेल्या दोन भाच्यांना तिने त्यांच्याच मालकीच्या दोन खोल्या फिरवून दाखवल्या. ही खुंटी, इथे टॉवेल असतो. ही खिडकी, सकाळी ऊन इथवर येतं, तेव्हा इथे बसून पेपर वाचते. या फरशीला तडा आहे, रात्री उठताना इथे जपावं लागतं. पलंग उचलल्यावर फरशीवर चार पायांचे चार काळपट डाग उरले होते, आणि शेजारी, उठल्यावर पाय टेकतात तिथे, फरशी झिजून गुळगुळीत झालेली होती. धाकटा तिथे बराच वेळ खाली बघत उभा राहिला.

कोनाड्यात आत्याचा चष्मा होता. त्याची एक काडी मोडली होती आणि ती काळ्या दोऱ्याने बांधली होती. थोरल्याने तो उचलून सवयीने उजेडात धरला. काच ओरखड्यांनी भरलेली, नंबर केव्हाचा जुना. मघाशी वही दाखवताना आत्याने ती हातभर लांब का धरली होती ते त्याला आत्ता कळलं. रोज तीस जणांचे डोळे तपासणाऱ्या माणसाने तो चष्मा हलकेच होता तिथे ठेवला.

"आत्या, दुकानात का नाही आलीस?"

"आले होते एकदा. गर्दी होती."

त्याने अर्जावर सही केली. धाकट्याने खाली आपली केली, बाईंनी एकच साक्षीदार पुरतो म्हटलं तरी केली. अर्जावर जागा उरलेली त्याला बघवत नसे, पण आज त्याचं कारण ते नव्हतं.

निरीक्षक बाई चौथ्यांदा पलंगाखालून गेल्या. त्या रस्त्यावर पोचल्यावर चौघे जण जिन्याच्या वळणावर आले. आता पलंग कुठे न्यायचा याबद्दल मतभेद नव्हते, तरी तो सुटायला पाऊण तास लागला. थोरलीने सांगितलं म्हणून त्यांनी तो तिरका केला, धाकटीने कठड्याला तेल लावलं, आणि शेवटी कठड्याचा एक तुकडा मोडून तो वर गेला. शेगडी डिकीतून आली. गाठोडं सुटलं. सगळ्यांनी हात धुतले, तोंड धुतलं, पुन्हा एकदा चहा झाला, थोरलीने खोक्यातली सगळी भांडी बाहेर काढून पुन्हा घासून ठेवली. जाताना थोरला म्हणाला की सोमवारी गाडी घेऊन येतो, डोळे तपासू. धाकटा म्हणाला की तो रोज फोन करेल. धाकटीने आत्याला वाकून नमस्कार केला आणि उठताना खोलीची लांबी नजरेने मोजली. आत्याला ते दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जिन्याखाली वाकली. मोडक्या कठड्याचा भुसा मीटरच्या काचेवर पडला होता. तो तिने पदराने पुसला आणि आकडा वाचला. बारा वर्षांत एका दिवसात तो इतका कधी चढला नव्हता. वर येऊन तिने वही उघडली, तारीख घातली, आकडा लिहिला. मग शेऱ्याच्या रकान्यात तिने चौकोनी अक्षरात लिहिलं: पाहुणे, चार.